टाकीवरची खडूची खूण

३ मार्च

चि. धाकटोबास,

आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझी बायको आणि पोरं बरी असतील असं समजते. इथे सगळं ठीक आहे. डिसेंबरातल्या तापानंतर नाक जरा चोंदलेलं असतं, बाकी मी ठणठणीत. परवा दूध करपलं तर शेजारीण धावत आली, "अहो, घर पेटलं की काय!" म्हणत. मी पलीकडच्या खोलीत होते, एवढंच. तुला कुणी तिखटमीठ लावून काही वेगळं सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. इथल्या लोकांना दुसऱ्याच्या दुधाची फार काळजी.

आता मुद्द्याचं. आपल्या पिवळीशी कुणीतरी खेळतंय. बाबांनी आयुष्यभर जपलेल्या त्या आल्याच्या सोड्याशी!

दुकानांतून रिकाम्या बाटल्या धुवायला परत येतात, त्यातल्या निम्म्या हल्ली अर्ध्या भरलेल्या निघतात. धुलाईच्या बायकांनीच मला हाक मारून दाखवल्या. ज्या गावात पोरं बाटली उलटी धरून शेवटच्या थेंबाची वाट बघत बसतात, त्या गावात पिवळी अर्धी टाकून लोक उठतात! आणि विचारायला जावं तर कुणी ताकास तूर लागू देत नाही. चौकातल्या दुकानदाराला विचारलं, "चव कशी आहे हो?" तर म्हणाला, "मस्त!" आणि लगेच बरण्या पुसायला लागला. बरण्या स्वच्छ होत्या.

मी डोळ्यांत तेल घालून बघते आहे. पहिला संशय जानेवारीतच आलं पुरवणाऱ्या आलेवाल्यावर गेला होता. पोत्यात नाक खुपसून बघितलं, तर वास म्हणून नाही. चांगलं झाडलं त्याला. तो म्हणाला, "ताई, तुमच्या वडिलांपासून माल देतोय. पुन्हा एकदा बघा तरी." पुन्हा बघितलं. वास नाहीच. तर माझ्याच तोंडाकडे बघत राहिला आणि पोतं न उतरवता निघून गेला. दुसऱ्याचा माल घेतला, तोही तसलाच. शेवटी दर टाकीला आल्याचा रस एक वाटी जास्त घालायला लागले, मग दोन वाट्या. मग नव्या केमिस्टवर नजर ठेवली. मी पाकखोलीत शिरले की हा चष्मा पुसत बाहेर जातो. काय लपवतोय, देव जाणे. आणि सलूनवाले काका! जावयाने मोठ्या कंपनीची बाटली मागितली म्हणून ज्या माणसाने त्याला दोन वर्षं नुसतं पाणी पाजलं, ते हल्ली बाटली घेऊन दुकानाच्या मागे जातात आणि तोंड पुसत परत येतात. तिकडे आडोशाला काय पितात ते मी शोधून काढणार आहे.

पण हे सगळे एकीकडे. जानेवारीच्या शेवटी तू आला होतास. मी हिशेबनीसाशी बोलत होते तेवढा वेळ तू पाकखोलीत एकटा होतास. दहा मिनिटं तरी. नंतर दारात तू काय बोललास ते मी इथे लिहीत नाही, तुला आठवत असेलच. तू मोठ्या कंपनीचा माणूस. तुमचा नवा पिवळा सोडा बाजारात आला तोही त्याच महिन्यात. मनात पाल चुकचुकली तर चूक माझी का?

कारखान्याच्या मालकांनी विचारलं तेव्हा मी जे बघितलं ते सांगितलं. तुझ्या साहेबांना ते तक्रार लिहिणार आहेत. तुला आधी कळावं म्हणून हे लिहिते आहे. काही केलं असशील तर आताच सांगून टाक. मोठी बहीण म्हणून एवढंच सांगू शकते.

ताई


९ मार्च

माझ्या धाकटोबा,

वरचं पत्र सहा दिवस पर्समध्येच राहिलं. फाडणार होते. पण फाडलं तर मी तुला काय काय म्हटलं ते तुला कधीच कळणार नाही, आणि ते तुला कळायला हवं. म्हणून दोन्ही एकाच पाकिटात घालते आहे. आधी ते वाच, राग येऊ दे, मग हे वाच.

चार तारखेला दुपारी मी सलूनच्या मागे जाऊन उभी राहिले. पाण्याच्या पिंपाआड, चांगला अर्धा तास. माझ्या वयाला शोभत नाही, पण उभी राहिले. काका आले. हातात पिवळीच होती, दुसरं काही नाही. एक घोट घेतला, डोळे घट्ट मिटले, कसाबसा गिळला आणि उरलेली बाटली मोरीत ओतली. ओतताना इकडेतिकडे बघत होते. तेवढ्यात मी दिसले.

"पकडलं!" असं म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण त्यांचे डोळे भरून आलेले.

"ताई, कुणाला सांगू नका," ते म्हणाले. "माझ्या जिभेला काहीतरी झालंय. महिना झाला, पिवळी नुसती जाळत जाते. गिऱ्हाइकांसमोर टाकवत नाही, म्हणून इथे येतो."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं की. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे आज आलेले तुम्ही सातवे. सगळ्यांची एकच तक्रार, जीभ बिघडली. त्यांनी विचारलं, सगळे मिळून खाता तरी काय?"

"आणि पिवळी बिघडली असेल असं एकालाही वाटलं नाही?"

काका माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच काहीतरी वाईट बोलले. "अहो, काहीतरीच! टाकीवर तुमची खूण असते ना?"

मी तिथेच पिंपावर बसले. झाकण होतं म्हणून बरं.

खुणेचं तुला काय सांगू. बाबा रोज सकाळी एक चमचा तोंडात घ्यायचे, डोळे मिटून उभे राहायचे आणि खडूने टाकीवर खूण करायचे. खूण झाली की मालकसुद्धा प्रश्न विचारत नसत. अजूनही विचारत नाहीत. म्हणून तर मालकांना सगळे दिसले, आलेवाला, केमिस्ट, तू. मी तेवढी दिसले नाही. सगळ्या गावाने स्वतःच्या जिभेवर संशय घेतला. डॉक्टरकडे रांग लावली, पण पिवळीला नावं ठेवली नाहीत. आणि मी काय केलं? ज्याला ज्याला धरता आलं त्याला धरलं.

दूध करपलं तेव्हा मी पलीकडच्या खोलीत नव्हते रे. शेगडीसमोर पेपर वाचत बसले होते. धुराने डोळे चुरचुरले तेव्हा कळलं.

तापातून उठल्यापासून मला वास येत नाही. कांदा, साबण, रॉकेल, कशाचाच नाही. घरात एकेक वस्तू नाकाशी धरून बघितली, कपाटातली बाबांची जुनी टोपीसुद्धा. पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. येईल परत, असं मनाशी म्हणत राहिले. जीभही बोथटली होती; पिवळी तोंडात घेतली की नुसती गोड लागायची, थोडी चुरचुरायची, आलं म्हणून लागायचं नाही. मग मी चमचा धुलाईच्या बायकांना द्यायचे आणि त्यांची तोंडं बघायचे. त्या बिचाऱ्या मान हलवायच्या, कारण मी ताई. त्या हललेल्या मानेवर विसंबून मी टाकीवर खूण करायचे. केमिस्ट बाहेर का जायचा तेही परवा कळलं. टाकी उघडली की त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. नोकरी नवी, बोलणार कसा?

कुणाला सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मी रोज स्वतःला विचारते. खडू गेला असता. त्या खडूवाचून मी कोण आहे, मला खरंच माहीत नाही. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, रस्त्यात लोक मला बघून बाटली उंच करतात. तेवढंच माझं.

आणि खडू तुझा होता, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. लहानपणी बाबा आपल्या डोळ्यांवर रुमाल बांधून चमचे भरवायचे, तेव्हा लिंबाचा एक थेंब जास्त पडला तरी तू ओळखायचास. मी तुझं ऐकून सांगायचे. तू नोकरीला बाहेर गेलास म्हणून तो माझ्याकडे आला. तू जानेवारीत पाकखोलीत शिरलास तेव्हा मला भीती वाटली ती पिवळीची नव्हती. तू चमचा घेशील आणि तुला कळेल, याची होती. तू घेतलास. तुला कळलं.

मालकांची तक्रार पाच तारखेला गेली. मी ती थांबवायला सहा तारखेला गेले. मधला एक दिवस घाबरत घरात बसून काढला, हेही लिहून ठेवते. मालकांच्या टेबलावर खडू ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी खडू उचलून खणात ठेवला. मग तक्रार मागे घेणारं पत्र त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतलं, आणि खाली सही करायच्या आधी म्हणाले, "यात तुमचं नाव घाला. माझ्या माणसाची चूक, एवढं पुरणार नाही." मी घातलं. त्याची नक्कल सोबत आहे. तुझ्या साहेबांना दाखव, हवं तर सगळ्या कचेरीला वाचून दाखव. आलेवाल्याच्या घरीही जाऊन आले. त्याने माफ केलं की नाही कळलं नाही, पण पाणी दिलं.

तीन दिवस टाकीवर खूण नाही, त्यामुळे बाटल्या भरणं बंद आहे. केमिस्ट मोजून मापून आलं घालतो, तरी भरणाऱ्या बायका टाकीला हात लावत नाहीत. कुणीतरी चाखल्याशिवाय नाही, म्हणतात. दुकानं रिकामी आहेत आणि तुमच्या कंपनीची गाडी रोज चौकात उभी असते. अजून कुणी घेत नाही. काकांनी दुकानात पाण्याचा माठ ठेवलाय, म्हणतात वाट बघू.

मालकांनी विचारलं, आता चाखणार कोण. मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, "येईल का?" मी म्हटलं, "माझ्यासाठी येणार नाही." ये असं म्हणायचा हक्क मी घालवला आहे, म्हणून म्हणत नाही. खडू त्यांच्या खणात आहे.

त्या दिवशी दारात तू एवढंच म्हणाला होतास, "ताई, आलं फार पडलंय गं." किती हळू म्हणाला होतास, धुलाईच्या बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून. आणि मी त्याच बायकांसमोर तुला चोर म्हटलं.

फार पडलं होतं, रे.

तुझी,
ताई