बंड्या, तुला आग दाखवली नाही

प्रिय बंड्या,

आज चौकात होळी पेटली. सवयीने मी उठून खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि मग लक्षात आलं, आता कोणासाठी? म्हणून लिहायला बसले. बोलणं मला कधी फारसं जमलं नाही, तुला माहीतच आहे.

अशाच एका होळीला याच चौकातून तुला आणलं होतं. कान पोळलेलं, कुईकुई करणारं पिल्लू. तेव्हापासून तुला आगीची जी धास्ती बसली, ती कायमची. आगपेटीची काडी ओढली तरी तू पलंगाखाली! बाबांनी निरांजन लावलं की आरती संपेपर्यंत तुझं शेपूटसुद्धा दिसायचं नाही.

तुझी किडनी गेली आणि डॉक्टरीणबाईंनी "आता फार दिवस नाहीत" असं सांगितलं, तेव्हापासून मला एकच काळजी होती. पुढे काय? आपण सक्करदऱ्यात तिसऱ्या मजल्यावर राहणारे, पुरायला हातभर जमीन नाही. आणि तुला जाळायचं? तुला?

डॉक्टरीणबाईंनीच मग शहराबाहेरच्या त्या नव्या जागेबद्दल सांगितलं. तिथे लाकूड नाही, ज्वाळा नाही, धूर नाही. बंद पोलादी टाकीत गरम पाणी आणि क्षार. जमिनीत जे हळूहळू होतं तेच तिथे काही तासांत होतं. हाडं तेवढी उरतात, ती वाळवून भुकटी करून देतात. ऐकलं आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवण गेलं.

पण बाबा! तू गेलास त्या सकाळी मी त्यांना हे सांगितलं, तर ते केवढ्याने ओरडले.

"काहून वं, आपल्या बंड्याले शिजवून राहिली का तू?"

"शिजवणं नाही हो बाबा."

"मंग काय आहे ते? घरातला होता ना तो? घरातल्याले आग देतात. त्याले बेवारस समजली का?"

त्यांचंही खरंच होतं. तुला मान मिळावा एवढंच त्यांना हवं होतं. मी भांडले नाही. फक्त म्हटलं, "बाबा, काडी ओढली की तो कुठे जायचा?"

ते तुझ्याजवळ बसले, तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्यांनी आपलं धुतलेलं धोतर आणलं, तुला त्यात गुंडाळलं आणि पायात चपला घातल्या. "चाल," एवढंच म्हणाले.

त्या नव्या जागेतल्या बाई भल्या होत्या. पण त्यांनी धोतराला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "काका, हे काढावं लागेल. सुती कापड विरघळत नाही. लोकर किंवा रेशीम असतं तर चाललं असतं."

"म्हणजे उघडाच जाऊ देऊ का त्याले?" बाबांनी धोतर घट्ट धरलं. मला वाटलं, झालं, आता तुला उचलून परत नेतील.

पण ते म्हणाले, "रेशीम चालते ना? थांबा मंग. आलोच मी."

ऑटो करून ते थेट घरी गेले. तोवर मी तुझा तो पोळलेला कान धरून बसले. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात काय होतं, सांगू? त्यांचं पूजेचं सोवळं! ते लाल रेशमी. त्याला नुसतं नाक लावायला आलास तरी "सरक बे, शिवशील!" म्हणून तुला हाकलायचे, तेच.

त्यांनी ते स्वतःच्या हाताने तुझ्या अंगावर घातलं, चारही बाजूंनी खोचलं.

"घे बे," म्हणाले. "शिव आता किती शिवायचं ते."

मी तोंड फिरवून रडले. पण खरं सांगू? ते सुटल्याचं रडणं होतं. काडी ओढली गेली नाही. तू दचकला नाहीस. आणि बाबांच्या मनात काही राहिलं नाही.

एक तक्रार मात्र आहे. मी दूध आणायला खाली गेले तेवढ्यात का गेलास रे? पाच मिनिटं थांबता आलं नसतं?

तुझी ती पांढरी भुकटी, एका लहानशा मडक्यात आहे. रामटेकला अंबाळ्याच्या तलावात सोडायची ठरली आहे. पण दर रविवारी बाबांचं काहीतरी निघतं. कधी गुडघा, कधी पाहुणे. आज मी विचारलंच, "बाबा, कधी जायचं?"

पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "होळी झाली. आता ऊन तापीन. एवढ्या उन्हात कुठं पाठवतं त्याले? उन्हाळा काढू दे घरात."

तर बंड्या, मी त्यांना घाई करणार नाही, हा माझा शब्द. उद्या माळ्यावरून कूलर काढते. त्याला वाळ्याची नवी खस लावते, आणि तुझं मडकं त्याच्यासमोर ठेवते.

तुझी,
ताई