दाबून धरणे म्हणजे नेमकं काय

चि. जावईबापूंना अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघं खुशाल असाल. इकडे माझा गुडघा बरा आहे, चष्म्याचा नंबर वाढला आहे आणि तुमच्या सासूबाईंच्या मनगटाचं प्लास्टर निघून महिना झाला. पण उजव्या हाताची बोटं अजून मिटत नाहीत, कपाचा कान धरवत नाही. व्यायामाचा रबरी चेंडू त्यांनी, मी काय कुक्कुलं बाळ आहे का, असं म्हणून कपाटावर ठेवला (म्हणजे मला ठेवायला लावला). थेरपिस्टबाई म्हणाल्या, असंच चाललं तर बोटं कायमची आखडतील. मला काळजी वाटते, हे सरळच लिहितो.

तेव्हा आठवले ते तुमचे इथे राहिलेले गेमचे दोन बिनतारी कंट्रोलर. बोटांना आपोआप काम. टीव्हीसमोर त्यांची पाठ अवघडते, म्हणून ते कंप्युटरला जोडायचं ठरवलं. मधलं बटण दाबलं. कंप्युटर ढिम्म. एवढ्यात सासूबाईंनी बाहेरून विचारलं, की टीव्हीजवळचा गेमचा खोका आपोआप कसा सुरू झाला. मी तो बंद केला, परत येऊन बटण दाबलं, खोका पुन्हा सुरू. असं सात वेळा झालं. खरं सांगायचं तर तिसऱ्या वेळेनंतर जोडणी राहिली बाजूला आणि मला यातच रस वाटू लागला. भिंतीपलीकडून याला कळतं कसं? स्वयंपाकघरातून दाबून पाहिलं, बाथरूमचं दार लावून पाहिलं. जिन्यावरून मात्र कळत नाही (सोळाव्या पायरीपासून पुढे). शेवटी उमगलं, की याचा जीव अजून जुन्या घरात अडकला आहे. मी खोक्याची वायरच काढली.

मग माहितीपत्रक उघडलं. त्यात होतं, 'जोडणीचे बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा.' आता मी चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. मला वाटलं, 'दाबून'नंतरचा स्वल्पविराम राहिला. म्हणून बटण दाबलं, सोडलं आणि यंत्र दोन्ही हातांनी धरून बसलो. वीस मिनिटं धरलं. उबेचा काही संबंध असेल म्हणून शालीतही धरलं. शेवटी पत्रकात लाल शाईने स्वल्पविराम घालत होतो, तेव्हा सासूबाई मागून म्हणाल्या, "अहो, तिथे काही राहिलेलं नाही. बटण सोडायचंच नाही, असं आहे ते." आणि यंत्र ओढून घेऊन त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने बटण दाबलं. उजव्या. मी मोजू लागलो. चारला अंगठा थरथरला, सातला त्यांनी ओठ चावला, दहाला दिवा भराभर लुकलुकला आणि कंप्युटरवर 'जोडले' असं आलं. मी तिकडे बघितलंच नाही, अंगठ्याकडेच बघत होतो.

दुसरा कंट्रोलर अजून जोडायचा आहे. सवडीने बघू. लेकीला सांगा, आई बरी आहे.

तुमचा,
सासरा

ता. क. लेक म्हणाली, शनिवारी तुम्ही खोका आणि कंट्रोलर न्यायला येताय. खोका जरूर न्या. कंट्रोलर हरवले असं समजा.

ता. क. २ जावईबापू, आता मी लिहिते आहे. दुसरा कंट्रोलर केव्हाच जोडला. हे अकरा डाव हरले, म्हणून तो जोडायचा आहे असं सगळ्यांना कळवतात. अक्षर वाकडं आलंय, समजून घ्या. इतक्या महिन्यांच्या सवयीने डाव्या हाताचं यापेक्षा बरं येतं, पण हे उजव्याने लिहिलंय.