बबडीच्या तोंडातला धागा

सुभद्राताई,

तू उमरेडले गेल्यावर तुझी बबडी मांजर मजेत होती. काल अचानक खाणं टाकलं, लाळ गाळून राहिली. पाहतो तर तोंडातून मागावरचं सूत लोंबत होतं. आपण विणकर, सुटलेलं टोक दिसलं की हात जातोच. मी ओढणार, तेवढ्यात शेजारच्या तुळजाबाई ओरडल्या, "ओढू नको गा! आतडी बाहेर काढतं काय तिची?"

थैलीत घालून दवाखान्यात पळालो. वाटेत संत्रेवाल्याशी गप्पासुद्धा मारल्या नाहीत, मी! डॉक्टरनं जिभेखाली अडकलेला फास कापला, म्हणाला, उरलेलं आपोआप निघेल. आज सकाळी निघालं वं. लगेच वाटीभर दूध प्याली.

आज मी जबलपूरले जाणार होतो. ते राहिलं. पत्र पेटीत टाकाले तरी उठावं म्हणतो, पण बबडी मांडीवर झोपली आहे.

तुझा,
चंद्रभान