दोन इंची प्रिंट

४ नोव्हेंबर १९७८
स्टुडिओत दिवसभर प्रिंट लहान करणं. जुन्या सामानाच्या दलालाचा आल्बम दोन इंची खिशांचा, मोठा फोटो त्यात जातच नाही. त्याची माणसं आल्बम घेऊन काटोल-सावनेरला फिरतात, लोक फोटोवरून सामान पसंत करतात.
संध्याकाळी बाबा म्हणाले, "ताईच्या गाडीचा बी टाक त्यात."
ताईची तीनचाकी, हाताने फिरवायची. पाय लहानपणीच गेले. गाडीवरूनच ती प्रतापनगरात शिवण शिकवायला जाते.
"काहून विकता?"
"रंजूले पाहाले पाव्हणे येऊन राहिले. दारात ते गाडं पाहून आत तरी येतीन का?"
रंजू, धाकटी, तिथंच तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

५ नोव्हें.
अंगणात फोटो काढला. कशासाठी, ते ताईला सांगितलं नाही. नवं पातळ नेसून गाडीत बसली, पायांवर पदर ओढला. "चेहरा नीट येऊ दे गा सुधाकर. मले बी एक दे."
हो म्हणालो.

६ नोव्हें.
दलाल म्हणाला, "बाई कायले? माल दाखव."
रिकाम्या गाडीचा काढायला हवा होता. पण तिला उतर म्हणायचं म्हणजे...
चौकट गळ्याखाली लावली. दोन इंचांत चाकं, दांडा, मांडीवरचे हात. डोकं बाहेर.
त्याच निगेटिव्हवरून ताईसाठी नुसता चेहरा, पोस्टकार्डाएवढा. बराच वेळ पाहत बसली. मग, "गाडी कुठं गेली ह्यात?"

११ नोव्हें.
सावनेरचा माणूस टेम्पो घेऊन आला. बाबांनी ताईला सांगितलं, दुरुस्तीला चालली. तो माणूस साधा, त्याच्या पोरीसाठी हवी होती. मला म्हणाला, "फोटोतल्या बाई कुठं आहेत? ब्रेक कसा लावाचा, इचारतो."
ओट्यावरून ताई म्हणाली, "कोणता फोटो?"
त्याने खिशातून काढून दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला.
"हात माझेच आहेत," म्हणाली. मग त्याला समजावलं, डावीकडचा दांडा मागे ओढायचा, उतारावर हळू.
फोटो त्यालाच परत दिला.

१५ नोव्हें.
शिवणाच्या मुली विचारायला आल्या. बाबांनी दारातूनच परत पाठवल्या. "ताई नाही येत आता."
ताई आतून ऐकत होती.

१९ नोव्हें.
पाव्हणे आले. ताईला मागच्या खोलीत बसवलेलं. पोहे झाले, रंजू चहा घेऊन आली, आणि मागून ताई हातांवर सरकत बाहेर. नवऱ्यामुलाच्या आईसमोर थांबली, पदर सारखा केला.
"मी मोठी बहीण. गाडी विकली, म्हणून असं यावं लागलं."
त्या बाईंनी कप खाली ठेवला. "कळवतो," म्हणून गेले.
रंजू ताईला म्हणाली, "तू मेली असती तर बरं झालं असतं वं."
ताई म्हणाली, "हो."

२४ नोव्हें.
पत्र नाही. बाबा म्हणाले, मागच्या खोलीला बाहेरून कडी बसव, दुसरे पाव्हणे रविवारी येऊन राहिले.
बाजारातून कडी आणली. स्क्रूही आणले. अजून पिशवीतच आहेत. बाबांनी दोनदा विचारलं.