खाऊ कोणी ओळखला

वडनेर भोलजी,
श्रावण वद्य पंचमी, १९३८

प्रिय सोजरा,

माझं चित्रांचं पुस्तक छापलं जातं आहे. खामगावच्या छापखान्यात, तीन रंगांत, आणि मुलींच्या शाळांतून ते वाचलं जाणार आहे. मी गाय काढली की तिची शेळी व्हायची हे तुला आठवत असेल, तेव्हा एकदा पोटभर हसून घे. मास्तरीण झाल्यापासून हात जरा वळला आहे.

गोष्ट साधी आहे. गावातल्या मुली रोज संध्याकाळी घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणतात. गाणी झाली की घरची बाई झाकलेला डबा खुळखुळ वाजवते, आणि आतला खाऊ ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. एक मुलगी मात्र बाहेर पायरीवर. ती मोगलाईतून, निजामाच्या मुलखातून, मामाकडे राहायला आलेली. तिला इकडची गाणी येत नाहीत म्हणून तिला कोणी गोलात घेत नाही. पण नुसत्या वासावरून खाऊ ओळखावा तर तिनंच. वाटलेली डाळ असो की तिळाचे लाडू, तिचा अंदाज चुकत नाही. शेवटच्या पानावर मुली तिला हाताला धरून आत आणतात.

हेच पान शाळा कमिटीच्या रंगरावांना खटकलं. मंजुरी त्यांच्या हातात. म्हणाले, "बाई, मोगलाईतली पोरगी काऊन? आपल्या गावात पोरी कमी हायेत का? थे पान काढा, मंग पाहू." मी म्हटलं, ते पान निघणार असेल तर पुस्तकच राहू द्या. बोलून तर गेले, पण दोन वर्षं राबले होते गं त्यावर. रंगराव माझी चित्रांची वही बगलेत मारून घरी गेले आणि आठ दिवस मला जेवणात मीठ आहे की नाही तेही कळलं नाही.

नवव्या दिवशी ते स्वतः शाळेत आले, सोबत सहा वर्षांची नात. झालं होतं असं, की नातीनं त्यांच्याकडून वही रोज वाचून घेतली आणि ते रोज शेवटचं पान हातानं झाकायचे. "पोट्टी रडून राह्यली बाई. म्हणे, थे पायरीवरची आत कवा येते? रातचं जेवत नाही. छापा, पुरं छापा." मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलींनी पाट्या बडवून शाळा डोक्यावर घेतली. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. आमच्या ह्यांना मात्र हे कळवू नकोस.

पायरीवरच्या मुलीचं नाव मी सोजराच ठेवलं आहे. आणि दाराशी बसणारी एक मुलगी आहे, सोजरा जे कानात सांगते ते स्वतःचं म्हणून ओरडते आणि शाबासकी घेते. तिचं नाव प्रतिमा. पुस्तक तुमच्या रोहिणखेडच्या शाळेत येईल, तुझ्या लेकीच्या हातात पडेल. त्याआधी हे तू माझ्या तोंडून ऐकावंस म्हणून हे पत्र. तुला तेव्हाच सगळं कळत होतं, तरी तू दुसऱ्या दिवशी मैत्रीण म्हणून पुन्हा कानाशी यायचीस. तू आत आलीस तर मला कोण विचारणार, या भीतीनं मी तुझ्यासाठी एक शब्द बोलले नाही. लाज वाटते मला. खऱ्या गोष्टीत तू कधी आत आलीच नाहीस, सोजरा. शेवटचं पान मी मनानं रचलं आहे. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसेल. लेकीला घेऊन ये, आणि ते पान खरं कर.

तुझीच, तू ठेवून घेशील तर,
प्रतिमा