आडव्या बाटलीचं मत

आई, काल मी दिवसभर बिअरच्या जत्रेत भाकऱ्या थापल्या. तुझ्या कपाळावर कशी आठी पडली असती ते मला ठाऊक आहे, पण आधी सगळं ऐकून घे. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर मांडव घातला होता. पुण्याबिण्याकडची शिकलेली पोरं स्वतः बनवलेली बिअर घेऊन आली होती. कुणी आंबा घातलेली, कुणी कोकम, एकानं तर आपला गूळ. मनगटाला कागदी पट्टा बांधायचा, एवढ्याशा ग्लासातून चाखायचं आणि समजल्यासारखी मान हलवायची. वर मे महिन्याचं ऊन असं, की माणसं सावलीसाठी आली की बिअरसाठी तेच कळेना. माझा गाळा खर्डा-भाकरी आणि सुक्या मटणाचा. खर्डा तुझाच, तव्यावर मिरच्या भाजून तांब्याच्या बुडानं रगडलेला. लोक डोळे पुसत परत मागत होते.

तुझ्या जावयाला मी बरोबर नेलं, तिथंच चुकलं. तू गेलीस तेव्हा पाळण्यात होती ती तुझी नात आता अठराची झालीय आणि अगदी तुझ्या वळणावर गेलीय. संक्रांतीला हे पिऊन आले आणि तिची पुस्तकं उचलून पाण्याच्या टाकीत टाकली. तिनं ओली पुस्तकं तशीच पिशवीत भरली आणि शिरोळला आत्याकडं निघून गेली. "पप्पांनी सोडल्याबिगर मी घरात पाय ठेवणार न्हाई," म्हणाली. ह्यांनी खरंच सोडली. चार महिने थेंब नाही. पण त्या चार महिन्यांत घरात शब्दही नाही. फौंड्रीतून यायचं, जेवायचं, भिंतीकडं तोंड करून पडायचं. परवा पोरीनं फोनवर बजावलं होतं, "त्यास्नी तिकडं नेऊ नकोस." मी म्हटलं, सिलिंडर कोण उचलणार? सिलिंडर उचलायला पैसे देऊन माणूस मिळाला असता, हे तिलाही कळतं आणि मलाही.

दुपारी समोरच्या गाळ्यातल्या, आपल्याच भागातल्या पोरानं ह्यांना हाक मारली, "पावणं, बघताय काय लांबनं? या की. आधी वास घ्या." हे म्हणाले, "आपण सोडलीया." पोरगा हसला. "ही काय दारू हाय व्हय? गुळाची हाय. घरचीच समजा." ह्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. मी एक शब्द बोलायला हवा होता. ते थांबले असते, मला माहीत आहे ना, चार महिने थांबलेला माणूस होता तो. मी भाकरी उलटायला वाकले.

तासाभरानं ते आले ते कुठून तरी खुर्ची घेऊनच. पंचा ओला करून माझ्या मानेवर टाकला. "बस जरा. किती राबतीस," म्हणाले. वास आला मला. आणि मी बसले, आई. चार महिन्यांनी कुणीतरी माझ्याशी बोलत होतं. मी डोळे मिटून त्या खुर्चीत बसले आणि मला आबा आठवले.

आबा पिऊन आले की माझ्यासाठी कागदात बांधून भजी आणायचे, मला मांडीवर घ्यायचे, वाघीण म्हणायचे. न पिता असले की मी घरात आहे हे त्यांच्या गावीही नसायचं. तुझा हिशेब वेगळा होता. तू एकदा सुजलेल्या ओठांनी मला भजी खाताना बघितलंस आणि एवढंच विचारलंस, "ग्वाड लागत्यात व्हय गं?" त्यानंतर बरीच वर्षं मी भजी लपून खाल्ली.

मग ते मतदान आलं. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर बायकांनी मत द्यायचं. चिठ्ठीवर दोन बाटल्या, उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. हळदी-कुंकवाचं ताट घेऊन तू घरोघर हिंडलीस. माझंही नाव नुकतंच मतदार यादीत आलं होतं, तर मला मुलीसारखं नाही, मैत्रिणीसारखं हाताला धरून नेऊन रांगेत उभं केलंस. मोजकी मतं कमी पडली. दुकान राहिलं, आणि आबा त्या संध्याकाळी दुकानातूनच घरी आले. तू शेजारच्या काकूवर डूख धरलास. तिचा भाऊ त्या दुकानात कामाला होता ना. "तिनंच घात केला," म्हणालीस, आणि मरेपर्यंत तिच्याशी बोलली नाहीस. तिच्या पोरीच्या लग्नालाही गेली नाहीस.

काल चारच्या सुमाराला पोरीचा फोन आला. मागं गिटार वाजत होती, हे समोर त्या पोराच्या खांद्यावर हात टाकून मोठमोठ्यानं हसत होते. "आई, पप्पांनी घेतली न्हाई न्हवं? खरं सांग." मी म्हटलं, "न्हाई गं. ये तू उद्या." ती इतकी खूश झाली, की आत्याला हाका मारत सुटली. तिचा तो आवाज मला अजून ऐकू येतोय.

आत्ता सकाळ आहे. हे झोपलेत. येताना आणलेल्या दोन बाटल्या फ्रीजमध्ये आहेत, मीच ठेवल्या. पोरगी दहाच्या एसटीनं येईल, आणि आज नाही तर उद्या ती फ्रीज उघडेलच. पुढं काय होतं ते तुला सांगायला नको. तिला फोन करून येऊ नकोस म्हणावं, असं दोनदा वाटलं. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला.

काकू अजून आहे. मागच्या महिन्यात बाजारात भेटली, माझा हात धरून म्हणाली, "तुझी आई का गं बोलली न्हाई माझ्यासंगं शेवटपर्यंत? माझं काय चुकलं हुतं?" मी म्हटलं, ठाऊक न्हाई. ती म्हातारी तशीच पिशवी घेऊन निघून गेली. तिनं आडव्या बाटलीवरच शिक्का मारला असणार, आई. उभीवर मी मारला. दुकान बंद झालं तर आबा परत कधी मला वाघीण म्हणणार नाहीत, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. तुझी वळ उठलेली पाठ नव्हती.