रुचिताने तुला दिलेला शब्द

प्रिय पारस,

आपल्या जैनांत श्राद्ध नसतं, त्यामुळे तुझ्याशी बोलायला तिथीची वाट पाहण्याचं कारण नाही. तुझ्या पश्चात घरात एक निर्णय झाला आहे. तो तुला कळवणं माझं कर्तव्य आहे, म्हणून शिंदखेड्यात तुझ्याच दुकानाच्या गादीवर बसून लिहितो आहे. घरात आपण मारवाडी बोलत आलो, पण आपले वाद शाळेपासून मराठीतच झाले. हाही मराठीतच होऊ दे.

परवा विद्यापीठातून तुझ्या रुचिताचा फोन आला. पशुविज्ञानाच्या या सत्रात मांस-परीक्षणाचा विषय आहे, त्याची प्रात्यक्षिकं कत्तलखान्यात होतात, म्हणून शिक्षण सोडून घरी येते आहे, असं तिने सांगितलं. आवाज इतका शांत होता की क्षणभर मला तूच बोलतो आहेस असं वाटलं.

तुला आठवत असेल. प्रवेशाच्या वेळी धुळ्यात देवपूरला माझ्या घरच्या बैठकीत तू तिच्याकडून शब्द घेतला होतास. गोठा, चारा, दूध, जनावरांची पैदास, सगळं शिक. ज्या दिवशी मांसाला हात लावायची वेळ येईल, त्या दिवशी परत यायचं. तिने मान डोलावली. मी साक्षीला होतो. फोनवर मी तिला म्हटलं, शब्द घेणाराच राहिला नाही, तर बंधन कुठे उरलं?

"बडे पप्पा, ही वकिली झाली," ती म्हणाली. "पप्पांनी मला सोडवलं असतं का, ते सांगा."

प्रश्न रास्त होता. धुळ्याच्या कोर्टात माझं आयुष्य गेलं, पण समोरचा पक्ष गैरहजर आहे म्हणून निकाल मागण्याची सवय मी लावून घेतली नाही. तेव्हा आधी तुझी बाजू. पाणी गाळून त्यातलेही जीव जपणारं आपलं घर. त्या घरातली मुलगी सुरीखालच्या जनावराजवळ उभी राहणार, तिथल्या रक्तात तिचे बूट भिजणार. कारण ज्ञानाचं असलं, तरी पाहणं हे संमतीच्या किती जवळ असतं? हा आक्षेप हलका नाही आणि मी तो हलका करणार नाही.

आता माझी बाजू. या दुकानातून सरकी पेंडेबरोबर कोंबड्यांचं खाद्यही जात होतं. त्या कोंबड्यांचं पुढे काय होतं, हे तू गिऱ्हाइकाला कधी विचारलंस? न पाहण्याला अहिंसा म्हणता येईल का, पारस? हयातीत विचारलं असतं, तर तू चहा मागवून विषय बदलला असतास.

आणखी एक. दिवाळीच्या सुट्टीत रुचिता इथे बसली होती. पेंडेचा तुकडा मोडून तिने वास घेतला आणि गिऱ्हाइकासमोरच सांगितलं, ही थप्पी विकू नका, आत बुरशी आहे, दुभत्या जनावरांना बाधेल. तू संतापलास. चिमठाण्याचे भिला नाना मात्र हसून म्हणाले, "शेटजी, पोर ढोरसनं शिकी ऱ्हायनी, मंग आते आमले पेंड कोन इकी?" पोरगी ढोरांचं शिकते आहे, मग आता आम्हाला पेंड कोण विकणार, अशी त्यांची थट्टा. पण संध्याकाळी तू सगळी थप्पी बाहेर काढलीस. तिच्या डोळ्यांनी पाहिलेलं तू मान्य केलंस ना? मग त्याच डोळ्यांना जनावराच्या शरीरातला आजार का पाहू द्यायचा नाही? तो ओळखता आला, तर गोठ्यात उरलेली जनावरं वाचतात. आणि जिथे जनावराचे सर्वांत जास्त हाल होतात, तिथे ते रोखणारं कोणीतरी असायला हवं. ती नको, तर कोण?

हा युक्तिवाद घेऊन मी आज सकाळी इथे आलो. रुचिता बॅगेशेजारी बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली नाही. तुझी मुलगी!

प्रकरण सोडवलं ते तुझ्या कांताने. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी, जेठाशी म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलली नव्हती. पदर पुढे ओढून, जे सांगायचं ते तुझ्याकरवी. तू गेलास आणि मधलं माणूस गेलं. आज ती आतल्या दारात येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर होता, चेहरा मात्र उघडा.

"भाईजी," ती म्हणाली, "यांनी शब्द घेतला तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. मीही तिची आई आहे. मी तिला मोकळं करते."

साक्षीदाराला शब्दातून सोडवण्याचा अधिकार नसतो, आईला असतो. तुमचं बरोबर आहे, एवढंच मी म्हणालो. रुचिता रडली, आणि डोळे पुसण्याआधीच उद्याच्या गाडीची चौकशी करू लागली.

माझा तुझ्यावर राग एवढाच, की शब्द घेताना तो परत कसा द्यायचा याची तजवीज तू केली नाहीस. इतकी कसली घाई होती तुला?

उद्या मी तिला सोडायला जातो आहे. प्रात्यक्षिकाच्या दिवशीही जाईन. आत मला कोणी घेणार नाही. मी फाटकाशी उभा राहीन. बाहेर येऊन ती जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐकेन, मध्ये थांबवणार नाही. कर्म दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून तिचा दोष मला लागो असलं काही मी मागत नाही. तिच्याबरोबर उभं राहणं माझ्या हातात आहे, आणि तिच्या हाती पदवी येईपर्यंत मी उभा राहणार आहे.

तुझा मोठा भाऊ,
मोतीलाल